माकणीचा नकाशा कोणाच्या हाती?

(व्याख्यानाची संहिता)

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात तेरणेच्या काठी माकणी हे गाव आहे. मांजरेला व तिच्यामार्फत गोदावरीला मिळणाऱ्या या नदीवर येथे निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण उभे आहे आणि त्याचा उपयुक्त साठा सुमारे ९१ दशलक्ष घनमीटर धरला जातो. राज्याच्या नकाशावर माकणी म्हणजे एक टिंब, आणि धरण म्हणजे नखाएवढा निळा डाग. परंतु त्या टिंबात माणसे राहतात, त्यांची शेते, विहिरी, घरे व कर्जे आहेत. टिंब कोणी काढले, निळा डाग कोणी मोजला, आणि काढण्यापूर्वी वा मोजल्यानंतर गावाला कोणी काही विचारले काय, हाच आजचा प्रश्न आहे. स्थलविषयक माहितीचे शास्त्र या भारदस्त नावाच्या विद्येची चर्चा येथूनच सुरू व्हावयास हवी.

नकाशा हा पूर्वीपासूनच राज्यकर्त्यांचा विषय राहिला आहे. मद्रासेत सुरू झालेली त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेकडे नेता नेता विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर आजही तेथे आहे. त्याच्या कोनमापक यंत्राने उपखंडाची आकृती निश्चित केली, पण ती निश्चित झाली फौजेच्या व महसुलाच्या सोयीसाठी. १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी पाहणी व आकारणी सुरू केली. तेहेतीस फुटांची साखळी, तेहेतीस फूट औरसचौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, ही मापे तेव्हापासून मराठी शेतकऱ्याच्या तोंडी बसली. माकणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. तेथेही पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवरच जमिनीची मोजणी झाली. साखळी ज्याच्या शेतातून गेली त्याला सारा किती भरावयाचा एवढेच कळे. टिपण, गावनकाशा, फाळणी ही सारी कागदपत्रे दप्तरात बंद राहत. ती वाचणारा एखादाच असे, आणि जो वाचू शके तो सहसा नांगर धरणारा नसे.

हे केवळ कारकुनी गैरसोयीचे प्रकरण नव्हते. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५० साली हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. संरक्षित कूळ म्हणून ज्याचे नाव कागदावर लागले त्याला जमिनीत पाय रोवण्यास जागा मिळाली. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली, पण ज्याचे नाव कागदावर नव्हते, त्याच्या घामाला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वच नव्हते. कागदावरील एक ओळ माणसाला मालक करते किंवा मजूर ठेवते, हा धडा मराठवाड्याने तेव्हाच घेतला.

दुसरा धडा याहून क्रूर होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील माळवदांचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. सुमारे आठ हजार माणसे दगावली. काही गणनांनुसार हा आकडा याहूनही मोठा आहे. आता त्या वेळचा नकाशा काय सांगत होता ते पाहावे. भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन राष्ट्रीय नकाशात हा प्रदेश पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात, होता. माळवदाच्या घराला लाकडी पट्ट्यांनी वा अन्य उपायांनी बांधून घ्यावे असे सांगण्याचे कोणालाच कारण वाटले नाही, कारण नकाशावर भीतीचा रंग नव्हता. पुढे २००२ च्या सुधारणेत पहिला विभागच रद्द झाला व किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला. नकाशाने आपली चूक दुरुस्त केली खरी, पण ती नऊ वर्षांनी आणि हजारो चितांनंतर.

परंतु भूमी पूर्णपणे मूक होती असे नाही. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच किल्लारी परिसराला लहान लहान धक्के बसले होते. लोकांना ते जाणवले होते व त्यांनी ते सांगितलेही होते. शास्त्रज्ञांना दोष देणे येथे अप्रस्तुत ठरेल. लहान धक्क्यांवरून मोठ्या धक्क्याचे भाकीत करण्याची विद्या जगात कोठेही सिद्ध झालेली नाही. माकणीच्या जलाशयाचा या भूकंपाशी संबंध होता काय, की भूगर्भातील एक पुरातन भेग स्वतंत्रपणे हलली, याविषयीही तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद झाला. मुद्दा भाकिताचा नाही, नोंदीचा आहे. गावाचा अनुभव ज्यात नोंदवावा असा रकाना त्या नकाशात नव्हता. नकाशा वरून खाली येत होता. खालून वर जाण्याची वाट त्यात ठेवलेली नव्हती.

पुनर्वसनातही तेच घडले. जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठे काम झाले, हे मान्य केले पाहिजे. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि भूकंपात टिकतील अशी हजारो घरे उभी राहिली. पण घर किती मोठे मिळावे हे कशावर ठरले? भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर असणाऱ्याला ४००, आणि सात हेक्टरांहून अधिक असणाऱ्याला ७५० चौरस फूट. भूकंपाने भिंती पाडताना सातबारा पाहिला नव्हता. भिंती उभारताना मात्र तो पाहिला गेला. कुटुंबात माणसे किती, अपंग किती, विधवा किती, यापेक्षा जमिनीचा कागद वजनदार ठरला. नव्या गावांचे सरळ रस्ते व चौकोनी आखणी कागदावर नेटकी दिसली, परंतु जुन्या गल्लीतील शेजार, अंगणातील कामाची जागा, गोठा आणि शेताचे अंतर या गोष्टी त्या आखणीत सहज बसल्या नाहीत.

या घटनेनंतर सव्वा वर्षाने, १७ जानेवारी १९९५ रोजी, जपानमधील कोबे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. सहा हजारांहून अधिक माणसे मेली. श्रीमंत व यंत्रसंपन्न अशा त्या देशाला एक गोष्ट बोचली: निरनिराळ्या खात्यांकडे माहिती होती, पण ती एकमेकींवर ठेवून पाहता येत नव्हती. त्याच वर्षी जपान सरकारने सर्व खात्यांची स्थलविषयक माहिती एका पायावर आणण्याचे काम हाती घेतले. १९९८ साली तोक्यो विद्यापीठात स्थलविषयक माहितीशास्त्राचे संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि २००७ साली अशा माहितीच्या वापराविषयी जपानने स्वतंत्र मूलभूत कायदाच केला.

या शास्त्राचे मर्म अवघड नाही. एका कागदावर जमिनीचा प्रकार, दुसऱ्यावर उतार, तिसऱ्यावर विहिरी, चौथ्यावर पीक, पाचव्यावर वस्ती असे थर काढावेत. प्रत्येक थरातील प्रत्येक गोष्टीला तिचे अक्षांश-रेखांश द्यावेत. मग ते थर एकावर एक ठेवून प्रश्न विचारावा. कोणत्या वस्तीपासून पाण्याची विहीर सर्वांत दूर आहे? कोणत्या उतारावर बांध घातला तर माती अडेल? ज्या दोन गोष्टी निरनिराळ्या खात्यांच्या कपाटांत असल्यामुळे कधी भेटल्या नाहीत, त्यांची भेट 'जागा' या एका किल्लीने घडविणे, हेच या शास्त्राचे कार्य आहे.

महाराष्ट्रातही हे काम जपानच्या मागाहून सुरू झालेले नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, अवकाशात गेला आणि त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची स्थापना झाली. राज्य शासनाच्या नियोजन विभागाच्या अधीन असलेल्या या केंद्राने भूजल, मृदा, पडीक जमीन, जंगल, जमिनीचा वापर यांचे नकाशे तयार केले. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत उपग्रहचित्रांवरून धरणांत साचलेल्या गाळाचा अंदाज बांधला जातो: पाण्याच्या निरनिराळ्या पातळ्यांना जलाशय किती पसरतो हे वरून मोजावयाचे आणि मूळच्या मोजणीशी ताडून साठवणक्षमता किती घटली हे काढावयाचे. २०१८ पासून राबविण्यात आलेल्या हवामान-अनुकूल कृषी प्रकल्पात, ज्यात धाराशिव जिल्हाही होता, पवईच्या आय.आय.टी.च्या साहाय्याने गावोगावचा पाण्याचा ताळेबंद मांडला गेला: पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला, आणि पिकांना किती लागला. हे ज्ञान लोकांच्या पैशांतून निर्माण झालेले आहे व ते मौल्यवान आहे. त्याची थट्टा करणारा माणूस शेतकऱ्याचा मित्र नव्हे.

तथापि, या ज्ञानाची मर्यादाही गुंठ्यांच्या भाषेत समजून घेतली पाहिजे. उपग्रहाचे चित्र हे लहान लहान चौकोनी चित्रबिंदूंचे बनलेले असते. आयआरएस-१ए च्या एका कॅमेऱ्याचा चित्रबिंदू साडेबहात्तर मीटर बाजूचा होता, म्हणजे सुमारे बावन्न गुंठ्यांचा. दोन एकरांचा शेतकरी त्यात दीड बिंदूएवढा भरे. त्याची ज्वारी व शेजाऱ्याचा ऊस एकाच रंगात मिसळून जाई. १९९५ च्या उपग्रहावरील कॅमेऱ्याचा रंगीत चित्रबिंदू सुमारे साडेपाच गुंठ्यांवर आला. २००५ साली सोडलेल्या कार्टोसॅट-१ चा कृष्णधवल चित्रबिंदू अडीच मीटरांचा, म्हणजे सुमारे ६७ चौरस फुटांचा, होता. ज्या वर्षी भूकंपग्रस्तांना २५० चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले, त्या वेळी आयआरएस-१ए च्या त्या मोठ्या बिंदूत अशी दोनशेहून अधिक घरे मावली असती. गरीब माणूस शास्त्राच्या डोळ्यांना दिसू लागण्यास इतका काळ लागला, आणि त्याचे कारण शास्त्रज्ञांची उदासीनता नसून भिंगाची शक्ती होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

आता मात्र भिंग तीक्ष्ण झाले आहे. आता जे दिसत नाही ते भिंगाच्या दोषामुळे नव्हे. उपग्रहाला पीक दिसते, पण ते कसणारा बटाईदार दिसत नाही. विहीर दिसते, पण तिच्यात चार भावांचे हिस्से किती ते दिसत नाही. शेतात राबणारी बाई दिसत नाही, कारण सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, भ्रमणध्वनीवर, स्थानासह पिकाचे छायाचित्र नोंदवावयाचे ठरले. कल्पना चांगली आहे. नोंदीचा अधिकार कसणाऱ्याच्या हाती येण्याची ती पहिली पायरी ठरू शकते. पण नोंद सातबाऱ्यावरील खातेदाराच्या नावे होते. अतिवृष्टीने सोयाबीन कुजले तर मदत खातेदाराच्या खात्यात जमा होते आणि बी-बियाण्यासाठी उसनवार केलेला बटाईदार हात हलवीत परततो. १९५० च्या कुळाचे दुःख यंत्रयुगात नव्या रूपाने परतले आहे.

पावसाचेही तसेच. महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र असते आणि एका मंडळात अनेक गावे असतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी. यंत्र जेथे उभे आहे तेथे साठ मिलिमीटर पडला आणि चार कोसांवरील शिवारात नव्वद, तर त्या शिवारातील वाहून गेलेली माती यंत्राने पाहिलेली नसते. मराठवाड्यातील पाऊस शेताच्या बांधावर थांबतो, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. २०२५ च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यातील भूम-परंड्याकडे पुराने हाहाकार केला. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात माणसे पाण्यात अडकली. सरासरीच्या आकड्यात असा जिल्हा कधीच सापडत नाही.

उलट, जे उपग्रहाला लख्ख दिसते त्याविषयी मौन का, हेही विचारले पाहिजे. मार्च-एप्रिलच्या चित्रात माळराने करपलेली असताना जी हिरवी शेते उठून दिसतात ती बहुधा उसाची वा बारमाही बागायतीची असतात. धरणाच्या पाण्याचा लाभ कोणत्या शिवाराला झाला आणि कालव्याच्या शेपटाचे कोणते शिवार कोरडे राहिले, हे सांगण्यास आता मोर्च्याची गरज नाही. दोन चित्रे शेजारी ठेवली की पुरे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा साऱ्या देशाने मराठवाड्याची तहान पाहिली. त्या तहानेमागे पाऊस किती होता आणि वाटप किती होते, हे मोजण्याची साधने तेव्हाही राज्याजवळ होती. साधन असूनही प्रश्न विचारला गेला नाही, तर त्या मौनाचा लाभ ज्याच्या शेतात पाणी आहे त्यालाच होतो.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. तज्ज्ञ म्हणतात की नकाशा गावाच्या हाती दिला तर गावातील बलवान माणूसच तो आपल्या सोयीने बदलील. बांध सरकेल, गायरान आटेल, दलित वस्तीची वाट कागदावरून नाहीशी होईल. गावाविषयी भाबडेपणा बाळगणाऱ्यांनी हा आक्षेप गंभीरपणे ऐकावा. गाव म्हणजे एकमुखी पंचपरमेश्वर नव्हे. त्यात जात आहे, सावकारी आहे, दहशतही आहे. परंतु बंद दप्तराने दुबळ्याचे रक्षण कधी केले? दप्तर बंद असतानाच गायराने आटली व वाटा नाहीशा झाल्या. बलवानाला दप्तराची किल्ली नेहमीच मिळते. उघडेपणाची गरज असते ती दुबळ्याला.

त्यासाठी परक्या देशातून उपाय आणण्याचे कारण नाही. महसुली व्यवहारात चावडीवाचनाची रीत आहे: गावाच्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचावयाच्या आणि हरकती ऐकावयाच्या. हेच चावडीवाचन आता नकाशाचे व्हावे. नागपूरच्या केंद्राने केलेला माकणीचा मृदेचा, पाण्याचा, पिकांचा नकाशा मराठीत, भिंतीएवढा मोठा करून ग्रामपंचायतीत लावावा. त्याच्या प्रती शाळेला द्याव्यात. पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर दोन एकरांचे शेत दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. म्हणून नकाशा गटवार, शेत ओळखू येईल इतका मोठा असावा. वर्षातून एकदा ग्रामसभेत तो वाचला जावा. ज्याची हरकत असेल त्याची नोंद नावानिशी व तारखेनिशी व्हावी, आणि तिचे उत्तर ठरलेल्या मुदतीत लेखी मिळावे. नकाशात बदल झालाच तर जुनी रेषा पुसू नये. ती खाली राहू द्यावी, म्हणजे कोणी, केव्हा व का बदलली हे पुढच्या पिढीलाही दिसेल. कसणाऱ्याचे नाव, मग तो बटाईदार असो वा मालकाची पत्नी, निराळ्या रकान्यात यावे. आणि गावाने सांगितलेले अनुभव, विहीर कधी आटली, ओढा कोठून फुटला, जमीन कधी हादरली, यांचाही एक थर त्या नकाशात असावा.

कायद्याने याला आडकाठी नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम शासकीय कार्यालयांनी आपणहून माहिती प्रसिद्ध करावी असे सांगते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी केंद्र सरकारने नकाशे काढण्यावरील पूर्वपरवानगीची बहुतेक बंधने उठविली, आणि २०२२ साली राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. गावठाणांची ड्रोनने मोजणी करून घरांचे कागद देण्याची योजनाही देशभर सुरू झाली. महाराष्ट्रात त्याचा आरंभ पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी झाला होता. बंधने उठली ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र ती उठल्याचा पहिला लाभ कोणाला होतो हे पाहिले पाहिजे. ज्याच्याजवळ भांडवल, संगणक व तज्ज्ञ आहेत, ती विमा कंपनी, तो जमिनीचा दलाल, तो बियाण्यांचा व्यापारी माकणीच्या शिवाराविषयी माकणीपेक्षा अधिक जाणू लागेल. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली माहिती बाजाराला खुली आणि ज्याच्याविषयी ती आहे त्याला अनोळखी, अशी स्थिती आली तर मोकळीक हा शब्द पोकळ ठरेल. म्हणून सार्वजनिक संशोधन केंद्रे बळकट राहिली पाहिजेत. त्यांना निधी मिळावा, तरुण शास्त्रज्ञ मिळावेत; आणि त्या शास्त्रज्ञांनी वर्षातील काही दिवस संगणकापुढून उठून शिवारात, ज्यांच्या शेताला त्यांनी रंग दिला त्यांच्यासमोर, उभे राहावे. आकड्यांची परीक्षा तेथेच होते.

मित्रहो, १९९३ च्या त्या पहाटे या परिसरातील माणसांजवळ दोन प्रकारचे ज्ञान होते. एक नकाशातले, ज्यात धोका नव्हता. दुसरे पायांखालचे, ज्यात वर्षभर आधीपासून थरथर होती. या दोन ज्ञानांची कधी गाठ पडली नाही. गाठ पडली असती तर भूकंप टळला नसता. पण काही भिंती बांधून घेतल्या गेल्या असत्या, काही कुटुंबे अंगणात निजली असती. एखाद्याचा जीव वाचण्यास कधी कधी तेवढेही पुरते. आज उपग्रह तेरणेचे पाणी मोजतो आणि माकणीची बाई कळशीने तेच पाणी मोजते. ही दोन मापे एका कागदावर येतील आणि तो कागद माकणीच्या चावडीवर लागलेला असेल, त्या दिवशी या शास्त्राला खऱ्या अर्थाने लोकांचे शास्त्र म्हणता येईल.